कानावरची खूण

मु. टाकळमाळ, ता. इंदापूर
२० जून २००४

चैताली मॅडम यांस,
मायाकुरण प्राणी आधार न्यास, येरवड्याच्या पुढे, पुणे

स.न.वि.वि.

आपली ओळख नाही. मी मुक्ताई बापूराव कोकरे, इथल्या अंगणवाडीची सेविका. मुलांना चित्रं कापून चिकटवायला मी रद्दी आणते. काल त्या रद्दीत मार्च महिन्यातली एक रविवार पुरवणी निघाली. तिच्यात तुमचा फोटो आहे आणि शेजारी एक काळी मेंढी. खाली छापलं आहे, ‘बेवारस आणि छळलेली पिक्सेल आता सुखात’.

मॅडम, ती बेवारस नाही. तिचं नाव रतन आणि ती माझ्या वडिलांची आहे.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की बाबा मेंढरं घेऊन पुण्यावरून कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी माघारी येतात. वाटेत बाणेरला पोपटराव नावाचे शेतकरी. तीस वर्षं आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, त्यांना लेंडीखत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. गेल्या खेपेला मोठ्या रस्त्यावर एका गाडीने रतनचा मागचा पाय मोडला. बाबांनी बांबूच्या खपच्या बांधल्या, तिला पोपटरावांच्या गोठ्यात ठेवलं आणि सांगितलं की चाळीस दिवसांनी खपच्या सोडा, येताना नेतो. लंगडं किंवा गाभण जनावर ओळखीच्या घरी ठेवायचं आणि परतताना न्यायचं, ही आमची पद्धत आहे. आजवर कोणी त्यात दगा दिला नव्हता.

मे महिन्यात बाबा आले तर रानाच्या जागी इमारतीचं बांधकाम चालू. पोपटराव जमीन विकून गेलेले. बाबा तीन दिवस त्या भागात तिला हाका मारत फिरले.

रतन कळपाच्या पुढे चालते. रस्ता आला की बाबा तिला हाक मारतात, ती जाते आणि बाकीची दीडशे तिच्या मागे जातात. या खेपेला ती नव्हती. रस्ता ओलांडताना कळप मधोमध फुटला आणि अकरा मेंढरं ट्रकखाली गेली. बाबा म्हणतात, रतन सापडली नाही तर दिवाळीला मेंढरं न्यायची नाहीत, विकून टाकायची. त्यांना दुसरं काही येत नाही.

तिला सांभाळलंत, तुमचे उपकार झाले. कधी न्यायला येऊ ते कळवावे.

आपली,
मुक्ताई कोकरे


शनिवार पेठ, पुणे
२ जुलै २००४

श्रीमती कोकरे यांस,

आपले पत्र पोचले. ‘आपली’ मेंढी कुठे आहे, हे आपल्याला सात महिन्यांनी रद्दी चाळताना कळले, याबद्दल अभिनंदन.

आता मी काय पाहिले ते सांगते. फेब्रुवारीत बाणेरच्या एका इमारतीच्या बांधकामावरून फोन आला. गेले तर लोखंडी सळईला बांधलेली एक मेंढी. दोरी दोन हात लांब. पाणी नाही. आपल्या वडिलांनी बांधलेल्या त्या बांबूच्या खपच्या मांसात रुतल्या होत्या आणि आत अळ्या होत्या. त्या मी माझ्या हाताने एकेक करून काढल्या. वॉचमन म्हणाला, जागेबरोबर आलेली आहे. ज्याने तिला तिथे ठेवले तो माणूस आजही तिला ‘माझी’ म्हणतो, याचे मला नवल वाटते.

मी नऊ वर्षे संगणकाच्या कंपन्यांत काढली, त्यातली तीन अमेरिकेत. दोन हजार साल उजाडताच सगळी यंत्रे बंद पडणार म्हणून जगाने जी धावपळ केली तिच्यात मीही होते. यंत्रे काही बंद पडली नाहीत. मग मी परत आले आणि जे खरोखर मरत होते त्याच्याकडे बघायचे ठरवले. आज माझ्याकडे चव्वेचाळीस शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यांतली प्रत्येक कोणाची तरी ‘माझी’ होती.

पत्रावर विश्वास ठेवून मी जनावर देत नाही. दोन वेळा दिले होते आणि दोन्ही वेळा ते खाटकाकडे सापडले. मेंढी आपली असल्याचा पुरावा असल्यास पाठवावा. शिवाय एका गोष्टीचा खुलासा हवा आहे. तिचे दोन्ही कान कापलेले आहेत. ते कोणी कापले?

चैताली दांडेकर


टाकळमाळ
१२ जुलै २००४

चैताली मॅडम,

पत्र बाबांना वाचून दाखवलं. अळ्यांचं ऐकून ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. तुम्ही ते हाताने केलंत. आमच्याकडे असं करणाऱ्याच्या पाया पडतात.

पुरावा तुम्ही स्वतःच लिहिला आहे. डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा आणि उजव्या कानाचं टोक उभं चिरलेलं, ही कोकऱ्यांची खूण आहे. आमच्या आजोबांपासून हीच. प्रत्येक घराची खूण वेगळी असते. हजार मेंढरं एकत्र झाली तरी कान बघून ज्याची त्याला मिळतात, भांडण होत नाही. कोकरू आठ दिवसांचं झालं की बाबा वस्तरा तापवून एका झटक्यात खूण करतात आणि लगेच हळद-तेल लावतात. कोकरू दुसऱ्या मिनिटाला आईला लुचायला जातं. तुम्ही कोणत्याही धनगराला विचारा, ही खूण कोणाची, तो आमचं नाव सांगेल.

आणखी एक पुरावा देते. रतनची आई ती जन्मली त्याच दिवशी मेली. माझी आई दुर्गाबाई, तिने रतनला शेळीच्या दुधावर वाढवलं. आईला लग्नात माहेरून चार मेंढ्या आंदण मिळाल्या होत्या. त्या वंशातली ही शेवटची. आई जाऊन चार वर्षं झाली. आई तिला ‘ये गं रतन, ये ये ये’ अशी हाक मारायची, शेवटचं ‘ये’ लांबवून. बाबाही तशीच मारतात. तुम्ही मारून बघा. ती कुठेही असली तरी धावत येईल. ज्याच्या हाताचं ती प्यायली त्याच्या हाकेवर ती जीव टाकते.

हे वाचल्यावर तुम्हाला दुसरा पुरावा लागणार नाही.

मुक्ताई


शनिवार पेठ, पुणे
२४ जुलै २००४

श्रीमती कोकरे यांस,

आपण लिहिलेली हाक मी मारून पाहिली. पिक्सेल खरोखरच धावत आली. मालकीबद्दलची माझी शंका त्यामुळे फिटली.

मात्र तेवढ्यानेच प्रश्न सुटत नाही, उलट सुरू होतो. आठ दिवसांच्या जिवाचे कान तापवलेल्या वस्तऱ्याने कापले जातात, हे आपण स्वतःच्या हस्ताक्षरात आणि बऱ्याच कौतुकाने लिहून दिले आहे. माझ्या शब्दकोशात याला खूण म्हणत नाहीत, छळ म्हणतात. प्राण्यांच्या छळाविरुद्ध या देशात कायदा आहे. आपले पत्र मी तक्रारीसोबत पोलीस चौकीत दिले आहे. बापूराव कोकरे यांना बोलावणे येईल. मेंढी तोवर आमच्या ताब्यात राहील.

ती मजेत आहे, एवढे आपल्या वडिलांना जरूर सांगावे. आमच्याकडे दर शनिवारी हिंजवडीच्या कंपन्यांमधली मुले-मुली येतात. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाला नुसता आठवड्याचा शीण घालवायचा असतो. ती हाक आम्ही पिक्सेलच्या कुंपणाजवळ फळ्यावर लिहून ठेवली आहे. कोणीही ‘ये गं रतन’ म्हटले की ती सगळ्यांच्या आधी पुढे येते आणि हातातले खाते. मुलांना फार गंमत वाटते. तिला दत्तक घेऊन खर्च पाठवणारे न्यू जर्सीचे गृहस्थ तर दर महिन्याला तिचा नवा फोटो मागवतात.

इतके प्रेम तिला सात जन्मांत मिळाले नसते.

चैताली दांडेकर


टाकळमाळ
१० ऑगस्ट २००४

चैताली मॅडम,

बोलावणं आलं. गुरुवारी मी बाबांना घेऊन पुण्याला आले. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही चौकीच्या बाकावर होतो. बाबांचं वय अडुसष्ट आहे. आयुष्यात ते पहिल्यांदा चौकीत गेले, तेही मेंढी हरवली म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकून होते, त्या दिवशी बघितलं.

हवालदारांनी विचारलं, म्हातारबा, कान का कापला? बाबांनी स्वतःच्या कानातली बाळी दाखवली आणि म्हणाले, “साहेब, माझ्याबी कानाला भोक हाय. आईनं पाडलं. तिच्यावर बी कलम लावा.” हवालदार हसले. मला हसू आलं नाही. बाबा चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की आपण काय केलं.

साहेबांनी सांगितलं की सरपंचांचा दाखला आणा, मेंढी तुमची असली तर तुम्हाला मिळेल. दाखला मी आणते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोपटरावांना शोधलं. त्यांचा बंगला आहे आता, दाराशी दोन गाड्या. तीस वर्षं बाबा त्यांच्या बांधावर जेवले. पोपटराव पडवीतून म्हणाले, “कंचं मेंढरू? मला काय आठवत न्हाय.” बाबा वळून चालू लागले. तुमचा राग ज्या माणसावर असायला हवा तो तिथे झोपाळ्यावर बसला आहे.

मग रिक्षाने तुमच्याकडे आलो. फाटक बंद होतं, भेटीची वेळ फक्त शनिवारी असं लिहिलेलं. बाबांनी भिंतीबाहेरून हाक मारली. आतून ती ओरडली. बाबा पुन्हा हाक मारत, ती पुन्हा ओरडे. भिंत मधे होती. तुमच्या माणसाने येऊन सांगितलं की इथे आवाज करायचा नाही.

राग बाजूला ठेवून एक सांगते, ते ऐका. तुमच्या आवारात टोपल्यांमध्ये पोळ्या, पाव आणि केक ठेवलेला मला फटीतून दिसला. मेंढीचं पोट गवता-पाल्याचं असतं. पीठ आणि शिजलेलं अन्न तिच्या पोटात आंबतं. एखादी पोळी चालते, पण ढीग खाल्ला तर ती फुगून दोन दिवसांत मरते. आणि रतन हाताला लागलेली आहे. बाकीची मेंढरं अनोळखी माणसाला बिचकतात, ती बिचकत नाही. देईल त्याच्या हातचं ती खाणार. तो फळा कृपा करून काढा. तुम्हाला हाक कळवली ही माझी चूक झाली.

मुक्ताई


शनिवार पेठ, पुणे
१९ ऑगस्ट २००४

श्रीमती कोकरे यांस,

आहाराविषयीच्या सल्ल्याबद्दल आभार. ज्यांनी खपच्या बांधून जनावर वाऱ्यावर सोडले त्यांच्याकडून आहारशास्त्र शिकण्याची वेळ अद्याप आमच्यावर आलेली नाही. आमच्याकडे पशुवैद्य आहेत. ते महिन्यातून दोनदा येतात.

येत्या शनिवारी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीचे सत्तर जण येत आहेत. त्यांना काम आवडले तर ते आम्हाला पक्की शेड आणि विहीर देणार आहेत. त्यामुळे या आठवड्यात मला पत्रव्यवहाराला वेळ नाही. दाखला आणल्यावर पोलीस काय सांगतील ते बघू.

चैताली दांडेकर


टाकळमाळ
१४ सप्टेंबर २००४

चैताली मॅडम,

महिना होत आला, तुमचं पत्र नाही. मी दोनदा एसटीडीवरून फोन लावला. एकदा मुलगी म्हणाली मॅडम मीटिंगमध्ये आहेत, दुसऱ्यांदा रतनचं नाव काढताच फोन ठेवला.

सरपंचांचा दाखला आणि तीन मेंढपाळांचे जबाब चौकीत दिले. साहेबांनी तुम्हाला कळवलं आहे असं समजतं. गणपती झाले की मेंढी द्यायची आहे. बाबांनी मेंढरं विकायची बोलणी थांबवली आहेत. रोज संध्याकाळी ते विचारतात, काय कळलं का. मी सांगते, पोस्ट उशिरा येतं.

ती बरी आहे ना, एवढंच लिहा. एक ओळ लिहा.

मुक्ताई


शनिवार पेठ, पुणे
३० सप्टेंबर २००४

प्रिय मुक्ताताई,

उशीर झाला, राग मानू नका. गेला महिना फार धावपळीत गेला. शेडचं काम सुरू झालं, त्यात गणपती.

खूप विचार केला. सुरुवातीला मी जरा तिखट लिहिलं, आमच्या पुण्याच्या पाण्याचा तो दोष समजा. आपल्या दोघींनाही मुक्या जिवांची कळकळ आहे, मग भांडायचं कशाला? चौकीतली तक्रार मी मागे घेतली आहे. रतन तुमची आहे आणि ती तुमच्याकडेच यायला हवी.

तुम्ही न्यायला येण्याची दगदग करू नका. बापूरावांचं वय झालं आहे. दसऱ्याच्या आधी मी आमच्या टेम्पोने तिला घरपोच पाठवते. सध्या तिला इतरांपासून वेगळं ठेवलं आहे, खुरांचा थोडा त्रास होता म्हणून. काळजीचं कारण नाही.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते. ती बारीक झाली आहे. इतके महिने वेगळ्या जागेत राहिल्यामुळे कदाचित हाकेला लगेच येणार नाही. जनावरं विसरतात, पण हळूहळू त्यांना आठवतं. पाय इतका छान जुळला आहे की मोडला होता हे कळतही नाही. आणि परवा तारेत अडकून कानांना लागलं, त्यामुळे खुणेच्या जागी जखम ताजी दिसेल. औषध लावलं आहे.

बापूरावांना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, मेंढरं विकू नका.

तुमची,
चैताली


टाकळमाळ
२० ऑक्टोबर २००४

चैतालीबाई,

तुमचा टेम्पो काल दुपारी आला.

तुमचं मागचं पत्र वाचून मी आनंदाने रडले होते. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “ही बाई गोड कशापायी झाली?” मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, तुम्हाला माणसाचं चांगलं बघवत नाही.

टेम्पोचं फळकं पाडलं. बाबा वीस पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. मेंढीने मान वर केली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. ते जवळ गेले, आधी मागचा पाय चाचपला. मोडलेलं हाड जुळलं तरी जुळल्या जागी गाठ राहते, जन्मभर राहते. गाठ नव्हती. मग त्यांनी कान हातात घेतले. डाव्या कानाला दोन खाचा आणि उजव्याचं टोक चिरलेलं. सगळं बरोबर होतं. खपली अजून ओली होती.

तुमच्या ड्रायव्हरला बाबांनी चहा दिला, पाणी दिलं आणि जाऊ दिलं. तो गेल्यावर हळद-तेल आणून ते त्या मेंढीपाशी बसले आणि तिचे कान धुऊ लागले. एका कानात पू झाला होता. मी शेजारी उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्तीनं केलंय. कापणाऱ्याचा हात थरथरत हुता. अशानं जनावराला जास्त दुखतं.”

बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी दहावी पास आहे. मला समजावून सांगा. ज्या खुणेसाठी माझ्या बापाला तुम्ही सात तास चौकीच्या बाकावर बसवलं, तीच खूण तुम्ही एका मोठ्या झालेल्या मेंढीच्या कानावर कापली. आठ दिवसांच्या कोकराचा कान कागदासारखा असतो, मोठ्या मेंढीचा तसा नसतो. माझ्या बापाने केलं ते छळ, मग तुम्ही केलं त्याला तुमच्या शब्दकोशात काय म्हणतात? माझं पत्र समोर ठेवून कापलं असेल. खाचांची जागासुद्धा चुकली नाही.

रतन मेली हे आम्हाला कळलं आहे. कशाने, तेही कळलं आहे. मी तुम्हाला लिहिलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण खाली उतरायची तुम्हाला लाज वाटली आणि तिचा जीव गेला. मला तुमचा संताप येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो, कारण ती हाक माझ्या आईची होती आणि ती तुमच्या फळ्यावर मी पोचवली.

बाबांना एकच विचारायचं आहे. तिला कुठे पुरलंय? येत्या खेपेला ते त्या वाटेने जातील आणि तिथे थोडं थांबतील. खरं लिहा. एवढं तरी.

मुक्ताई कोकरे


शनिवार पेठ, पुणे
१ नोव्हेंबर २००४

मुक्ताई,

हे पत्र हाताने लिहिते आहे. कॉम्प्युटरवर लिहिलं तर ऑफिसमध्ये राहील.

तिला पुरलं नाही.

२१ ऑगस्टला ते सत्तर जण आले. प्रत्येकाने घरून काहीतरी आणलं होतं. फळा तिथेच होता. दिवसभर कोणी ना कोणी हाक मारत होतं आणि ती प्रत्येकाकडे जात होती. मी कंपनीच्या साहेबांना विहिरीची जागा दाखवत होते. तिच्याकडे बघून ते म्हणाले, किती प्रेमळ आहे. रविवारी सकाळी ती उठली नाही. पोट टणक झालं होतं. डॉक्टर गावाला गेले होते, ते सोमवारी पहाटे आले. त्यांनी विचारलं, हिला काय घातलंत? तोवर ती गेली होती. तुमचं १० तारखेचं पत्र माझ्या टेबलावरच होतं. मी ते वाचलं होतं.

सोमवारी अकरा वाजता करारावर सह्या व्हायच्या होत्या. मी कचऱ्याची गाडी बोलावली आणि तिला मागच्या फाटकाने नेलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही. न्यू जर्सीला अजून फोटो जातो, दुसऱ्या मेंढीचा.

पोलिसांचं पत्र आलं तेव्हा मी घाबरले. कान कापायला डॉक्टरांनी नकार दिला. पत्ती मी चालवली. तिला दोघांनी धरलं होतं आणि ती ओरडत होती, मी थांबले नाही. बापूरावांना सांगा, हात थरथरत होता हे खरं आहे.

त्या मेंढीला आम्ही काही नाव ठेवलेलं नाही. कसायाकडून सोडवून आणलेली, स्वभावाने गरीब आहे. तिला ठेवून घ्या.

माफी मागत नाही, कारण तुम्ही ती देणार नाही आणि देऊही नये. पण एक मागते. हे बाहेर गेलं तर कंपनी शेड अर्धी सोडून जाईल, न्यासाचा परवाना जाईल. आत बेचाळीस जनावरं आहेत. त्यांना दुसरं कोणी घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्यासाठी म्हणून, वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाका.

चैताली


टाकळमाळ
१७ नोव्हेंबर २००४

चैतालीबाई,

पोस्टकार्ड लिहिते आहे, जास्त लिहायचं नाही.

मेंढरं काल निघाली. चाळीस विकली, शंभर नेली. मोठ्या रस्त्याने जायचं बाबांनी सोडलं, लांबच्या वाटेने गेले. त्याला आठ दिवस जास्त लागतील. तुमची मेंढी सगळ्यांत मागे चालते. कान बरे झाले.

तुमचं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. कचऱ्याच्या गाडीपाशी त्यांनी थांबायला सांगितलं, मग म्हणाले, वाच पुढं. शेवटी मी विचारलं, फाडू का? ते म्हणाले, “फाडू नगं. पेटीत ठिव. त्यास्नी पुरावा लागतो.”

मुक्ताई